दीपगृहातील मांजरीबाबत माझी शेवटची इच्छा

मी खाली सही करणार, वय एकोणसत्तर, मॅट्रिक पास, काम घर सांभाळणे, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. ते पुरे म्हणाले तरी मी दोनपर्यंत गेले.

१. घर मुलगा आणि सूनबाई या दोघांच्या नावे. कोणतीही गोष्ट एकाच्या सहीने होणार नाही. दोघांना बोलावेच लागावे, हाच हेतू आहे.

२. शिवणयंत्र सूनबाईला. गुंड्यांची बरणीही तिलाच. त्यातली एकही गुंडी विकत घेतलेली नाही.

३. माझी जपमाळ भावजींना. म्हणजे यांच्या धाकट्या भावाला. मुलगा आणि सूनबाई मागच्या खोलीत चार वर्षे कॉम्प्युटरवरचा एक खेळ बनवत होते. एक म्हातारा रखवालदार दीपगृहाचा दिवा लावतो, एवढाच तो खेळ. मला फार आवडायचा. पण भावजी ज्या लग्नात जातील तिथे सांगत सुटले, "असा खेळ जगात झाला नाही!" खेळ येण्याची तारीखसुद्धा त्यांनीच जाहीर करून टाकली. मुलाला ती पेपरवाल्याकडून कळली. माळ ओढताना तोंड बंद ठेवावे लागते. भावजींनी ती रोज ओढावी.

४. आता माझे स्वतःचे. देवाला सांगून झाले आहे, माणसांना सांगायचे राहिले.

खेळ येण्याआधी लोक त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर प्रश्न विचारत. मुलगा म्हणाला, "आई, तू नुसतं धन्यवाद लिहीत जा." दोन दिवस लिहिले. मग एकाने विचारले, "काकू किंवा काका जे असाल ते, खेळात बोट चालवता येईल का?" इतक्या आपुलकीने विचारणाऱ्याला नाही कसे म्हणायचे? मी लिहिले, येईल. दुसऱ्याला मांजर हवी होती. लिहिले, आहे. कुरवाळता येईल का? का नाही येणार! समुद्राखाली शहर आहे का, याला मात्र "देवाच्या कृपेने असेल" एवढेच लिहिले. अशा एकोणीस गोष्टी मी कबूल केल्या. हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर विचारणाऱ्याच्या नावानिशी नोंद आहे.

खेळ आला. बोट नाही, मांजर नाही. लोक खवळले. खोटारडे म्हणाले, चोर म्हणाले. एका घड्याळजींनी तर अकरा पानी टीका लिहिली. दीपगृहातले घड्याळ सव्वासातवर अडकले आहे आणि ऊन डोक्यावर आहे, हेही त्यांनीच पकडले.

मुलाने ती उत्तरे वाचली आणि सूनबाईला विचारले, "हे तूच लिहिलंस ना?"

ती म्हणाली, "नाही."

"मग काय आईने लिहिलं?"

मी गुंड्यांची बरणी पुसत होते. पुसतच राहिले.

याला वर्ष झाले. सूनबाई दुकानांच्या पाट्या रंगवायला जाते. मुलगा मागच्या खोलीचे दार उघडत नाही. जेवताना "मीठ दे" याखेरीज दोघांत शब्द नाही. सूनबाई निर्दोष आहे. अपराध माझा.

५. पोस्टातली माझी बचत त्या एकोणीस गोष्टी पुऱ्या करण्यासाठीच वापरावी. शब्द अर्धवट टाकून मला वर तोंड दाखवता येणार नाही.

६. ~~हे पाकीट माझ्या पश्चातच उघडावे.~~

कलम सहा खोडण्याचे कारण. साक्षीसाठी त्याच घड्याळजींना बोलावले होते. मी त्यांना माफीचे पत्र लिहिले, तेव्हा कळले की ते दोन गल्ल्या सोडून राहतात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून चहा आधीच दिला. सही करण्याआधी त्यांनी चष्मा पुसून सगळे वाचले.

"बाई, सुरुवात लांबली आहे. भावजी बरे जमलेत. पण शेवट साफ फसलाय."

"तो कसा?"

"कबुली तुम्ही मेल्यावर उघडणार. तोवर ती दोघं मीठच मागत बसणार? आणि तुमची तब्येत मला ठणठणीत दिसते."

मला राग आला. मग पटले.

६ (सुधारित). हे मृत्युपत्र आज दुपारी मी स्वतः सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. मुलाने कागद माझ्या हातातून घेऊन कलम चार पुन्हा वाचले. मग म्हणाला, "आई, समुद्राखालचं शहरसुद्धा तूच?"

"विचारणारा फार नम्र होता रे."

तो सूनबाईकडे वळला. "माझं चुकलं," म्हणाला. इतक्या हळू की मी पुन्हा म्हणायला लावले.

सूनबाई म्हणाली, "वही आणा, आई. बोट मी काढते. पाणी हलवायचं याने." आणि मागच्या खोलीची किल्ली मागितली.

बाकी कलमे कायम.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल. मंगळवार, दिनांक चौदा.

सही: मी, मुलाची आई आणि सूनबाईची सासू

साक्षीदार पहिले: दवाखान्यातील कंपाउंडर. वजाबाकी माझ्यासमोर झाली.

साक्षीदार दुसरे: घड्याळजी. शेवट सुधारला आहे. पाचपैकी तीन तारे. मांजर कुरवाळून झाल्यावर चौथा देईन.