पंचवीस टक्के आत्या

तीर्थरूप दादास, धाकटीचा हात धुऊन केलेला नमस्कार. (दिवसभर भुकटीत असतात, म्हणून धुतले.) तुझी पाठ कशी आहे? वहिनींचा खोकला? तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. आत्याचं आमच्याकडे जमत नाही, तू नेतेस का, नाहीतर वृद्धाश्रम बघतो, असं तू विचारलं होतंस. उत्तर देणारच होते, पण मध्ये कारखान्यात माझी अशी काही शोभा झाली की आधी ती सांगते.

आम्ही टेफ्लॉनचे भाग करतो. तुमच्या तव्याला काही चिकटू देत नाही ना, तेच ते. नुसतं असलं की पांढरंशुभ्र. मी तपासणीला. काळा ठिपका दिसला की माल बाद, हा माझा खाक्या (आणि तोरा केवढा!). तर कॉम्प्रेसरच्या चाळीस रिंगा समोर आल्या, सगळ्या काळ्याकुट्ट. मी नाक मुरडून चाळीसच्या चाळीस बाद केल्या, शुद्ध पांढऱ्या करून घेतल्या आणि सही ठोकून रवाना. आठवड्यात परत आल्या, झिजलेल्या आणि दाबाखाली पसरून चपट्या झालेल्या. सही कुणाची, एवढंच मालकांनी विचारलं. नोकरी गेलीच म्हणून मी डबा आवरायला घेतला.

वाचवलं ते भुकटीकाकांनी. हे आमच्याकडे मिश्रण करतात. काय माणूस आहे सांगू! पहिल्या रिंगांत कार्बनची पूड त्यांनी मुद्दाम घातली होती, शंभरात पंचवीस भाग. मला एका शब्दाने बोलले नाहीत. स्वेटर चढवून थंड खोलीत गेले (उबेत ही भुकटी गोळे धरते, मग पूड सारखी पसरत नाही), चाळलं, मिसळलं, दाबलं, भट्टीत भाजलं आणि चाळीस रिंगा पुन्हा उभ्या केल्या. त्या अजून चालतायत. कार्बनने झीज कमी, उष्णताही लवकर निघून जाते. काचेचे तंतू घाला, ब्राँझ घाला, प्रत्येकाचा गुण निराळा, आणि मूळचा गुळगुळीतपणा तरी बराचसा राहतोच. मी थक्क. मला म्हणाले, "ताई, शुद्ध माल गुळगुळीत असतो, पण दाब आला की जागा सोडतो. त्याच्या पोटात काहीतरी खरखरीत लागतं."

दादा, मला एकदम आपण दोघं आठवलो. कुणाशी भांडण नाही, आणि वजन आलं की अंग काढून घ्यायचं. (तीन महिने उत्तर न देणारी मी, वृद्धाश्रम शोधणारा तू.) आई गेल्यावर आपल्याला उभं केलं ते त्या खरखरीत, तोंडाळ बाईने. मी नापास झाले तेव्हा शाळेत जाऊन मास्तरांशी भांडली तीच, आणि घरी येऊन मला झोडपलं तेही तिनेच. मला तिचं फार कौतुक आहे. तिला कधी सांगितलं नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी

ता. क. : आत्याला पाठव. मात्र वर्षाचे तीनच महिने, म्हणजे बरोबर पंचवीस टक्के. काका म्हणतात, पूड प्रमाणाबाहेर गेली की माल ठिसूळ होतो.

आणखी ता. क. : पत्र टाकायचं राहिलं, तोवर आज सकाळी आत्या दारात. उत्तराची वाट न बघता तू तिला गाडीत बसवून दिलंस (शुद्ध माल!). तिने हे पत्र वाचलं. कौतुकाच्या ओळीपाशी थांबली, चष्मा पुसला, मग म्हणाली, "प्रमाण मी ठरवीन." बारा महिने राहणार आहे. खिडकीजवळची खाट मी तिला दिली. तिचं पांघरूण तुझ्याकडे राहिलंय, ते पार्सलने न पाठवता तू स्वतः घेऊन यायचं आहेस, असा तिचा निरोप आहे.