प्रतिपक्ष नसलेला खेळ

२ ऑक्टोबर, दुपारी.

आजपासून मी तिलोच्या दुकानासमोरील डॉमिनोचे टेबल सोडले आहे. टेबलाने मला सोडले, असे जो कोणी म्हणेल तो असत्य बोलतो.

घडले ते असे. माझा जोडीदार फेयो याने दुहेरी सहाची सोंगटी हातात दाबून ठेवली. मी त्याची चूक त्याला योग्य शब्दांत व सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितली. त्यावर तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, मुकादम, कॉफीची वखार कधीच बंद झाली, आता माझ्यावर ओरडायचा पगार तुम्हाला कोण देतं? लोक हसले. बदामाच्या झाडाखाली बसणाऱ्यांना हसावयास फारसे कारण लागत नाही. त्यानंतर माझ्या समोरच्या खुर्चीवर बसावयास एकही जण तयार झाला नाही. माझ्या तोडीचा कोणी नाही, हे त्यांनी अशा रीतीने मान्य केले.

५ ऑक्टोबर.

वेळ सत्कारणी लागावा म्हणून घरातील देखरेख हाती घेतली आहे. माझी पत्नी ओंदिना भात कसा शिजवते, हे इतक्या वर्षांत मी जवळून पाहिले नव्हते. पद्धत सदोष आहे. तसे सांगितले. केळी सोलण्याची पद्धतही सदोष. तेही सांगितले. तिने सुरी माझ्यापुढे ठेवली व ती अंगणात जाऊन बसली. सोलण्याचे काम माझे नव्हे. मी देखरेख करतो.

६ ऑक्टोबर.

ओंदिनाने जाहीर केले आहे की महिनाअखेरीस ती नाग्वाला, बहीण मिरोपेकडे, राहावयास जाणार. किती दिवस, असे मी विचारले. म्हणाली, तुम्ही दिवस मोजू नका. तिकडे समुद्र आहे. तोही दिवसभर बडबडतो, पण निदान माझ्या चुका तरी काढत नाही.

सायंकाळी सान्तियागोहून आमच्या मुलीचा, बेल्किसचा, फोन आला. मायलेकींचे आधीच बोलणे झालेले दिसले. म्हणाली, बाबा, हल्ली असे खेळ मिळतात की दोघंही एकाच बाजूला. जिंकले तर दोघं, हरले तर दोघं. आई म्हणते, एकच डाव, फक्त एक, तुम्ही दोघं न भांडता शेवटपर्यंत खेळलात तर ती जाणार नाही. सोपासाच घ्या हं.

मी विचारले, मग त्यात हरवायचे कोणाला? ती बराच वेळ काही बोलली नाही. फोनची लाइन खराब असावी.

अट क्षुल्लक आहे. आठवड्याच्या आत निकाल लावीन.

९ ऑक्टोबर.

बसने सान्तियागोला जाऊन आलो. बेल्किसने सांगितलेल्या दुकानातील मुलीने एक लहानसा खोका पुढे केला. होडी, मासे वगैरे. वर छापले होते: वय सहा व पुढे. मी तिला शांतपणे कळवले की मी चौथी उत्तीर्ण आहे, आणि ती त्या काळची चौथी होती. आजचे पदवीधर त्या चौथीपुढे उभे राहू शकणार नाहीत. ती म्हणाली, आजोबा, शिक्षणाचा काही संबंध नाही हो. दोघांनी पहिल्यांदा खेळायचा तर हाच बरा, कारण याच्यात भांडायला जागाच नाही.

भांडणाचा विषय मी काढलाच नव्हता. तो तिच्या मनात का आला, हे विचार करण्यासारखे आहे.

मी सर्वांत मोठा खोका घेतला. धरण फुटण्यापासून वाचवावयाचे आहे. वय चौदा व पुढे.

१० ऑक्टोबर.

नियमांची पुस्तिका वाचली. छपाई अत्यंत बारीक व वाक्यरचना ढिसाळ. तिसऱ्या पानापर्यंत पोहोचलो असता ओंदिनाने चष्मा लावून पुस्तिका उचलली व कॉफी उकळेपर्यंत संपूर्ण वाचून टाकली. घाईने वाचलेले टिकत नाही. तिच्या डोळ्यांना ताण नको म्हणून पुस्तिका मी माझ्या उशीखाली ठेवली आहे.

पुस्तिकेत एके ठिकाणी म्हटले आहे की प्रत्येक खेळाडू स्वतःची चाल स्वतः ठरवील. ही मुद्रणाची चूक असावी.

११ ऑक्टोबर.

पहिला डाव. धरण फुटले.

ओंदिनाने वाळूची पोती उत्तरेकडे न्यावयास हवी होती. मी तिला तसे तिच्या प्रत्येक चालीपूर्वी सांगत होतो. तरी ती मध्येच थांबून म्हणाली, अहो, माझी पाळी कधी येते? मी म्हणालो, हीच की तुझी पाळी. म्हणाली, माझ्या पाळीला तुम्ही खेळता, तुमच्या पाळीला तर तुम्हीच खेळता. मग मला खुर्चीवर कशाला बसवलंय? वाऱ्याने खुर्ची उडू नये म्हणून?

हा अन्याय आहे. मी केवळ तिचा भार हलका करीत होतो.

१३ ऑक्टोबर, सायंकाळी.

विजय. आम्ही धरण वाचवले. एकदाही वाद झाला नाही. अट पूर्ण झाली, असे मी ओंदिनाला कळवले. ती त्या वेळी स्वयंपाकघरात होती. खरे पाहता ती अर्ध्या डावापासून स्वयंपाकघरातच होती. तेथूनच म्हणाली, जिंकलो का आपण? मी म्हणालो, होय. म्हणाली, वा! तुम्हा दोघांचं अभिनंदन.

हा डाव ती धरीत नाही. कारण दिलेले नाही.

१८ ऑक्टोबर.

बेल्किसने खेळ बदलून आणला. यात एक नदी आहे. दोन काठांवरून दोघांनी पूल बांधत मध्यभागी यावयाचे. मात्र एक शब्दही बोलावयाचा नाही. खूण करावयाची नाही. जोडीदाराच्या हातात काय आहे ते त्याच्या चालीवरून ओळखावयाचे. बेल्किस म्हणाली, बाबा, हे म्हणजे तुमचं डॉमिनोच. मी प्रसन्न झालो. टेबलावर मौन पाळणे म्हणजे काय, हे या मोका गावाला मीच शिकवले आहे.

१९ ऑक्टोबर.

डाव अपुरा राहिला. ओंदिनाचा आरोप असा की लांब फळी हवी असेल तर मी दोनदा खोकतो आणि आखूड हवी असेल तर एकदा. मी म्हणालो, धूळ आहे. म्हणाली, धुळीला फळ्यांची लांबी बरी कळते! फेयोच्या चुलतभावाला डॉमिनोत असाच खोकताना पकडून तुम्ही सगळ्या गल्लीत चोर म्हणून त्याचा डंका पिटला होता.

त्याचा खोकला खोटा होता. माझा छातीतून येतो. डॉक्टरांना दाखवावा लागेल. तिने काळजी करावयाची, ती हसते.

२२ ऑक्टोबर.

ओंदिनाने मला न विचारता बेल्किसकडून तो सहा वर्षांच्या मुलांचा खोका मागवला आहे. मी त्यास हात लावण्यास नकार दिला. तिने शेजारच्या निदियाला बोलावले व दोघी ओसरीवर खेळावयास बसल्या. दोघी हरल्या. हरल्यावर इतक्या हसल्या की निदियाने डोळे पुसले. मी झुलत्या खुर्चीवरून त्यांच्या चार मुख्य चुका निदर्शनास आणल्या. निदिया म्हणाली, मुकादम, लांबून काय शिट्ट्या मारताय, बसा की इकडे. ओंदिना म्हणाली, नको गं. दोघींचाच आहे खेळ.

माझ्या ओसरीवर हे घडले.

२६ ऑक्टोबर.

मोठेपणा दाखवून मीच प्रस्ताव मांडला. ओंदिना म्हणाली, बसा. पण तोंडाला कुलूप. मी ते मान्य केले आणि पाळले, याची येथे विशेष नोंद करतो.

खेळ असा: होडी एक, वल्हवणारे दोन. फासा टाकावा, होडी सरकवावी, एकेक मासा किनाऱ्यास आणावा. फाशावर ढग पडला की काळा लाकडी ढग एक घर पुढे येतो. ढग आधी पोहोचला तर दोघेही बुडाले. एवढेच. पोरखेळ आहे.

मी फासा टाकला. तिने टाकला. दोन मासे किनाऱ्यास आले. मग तिनेच विचारले, अहो, खडकाच्या कुठल्या बाजूने जाऊ या? तुम्हाला काय वाटतं? मी म्हणालो, तू म्हणशील तसे. हे वाक्य माझ्या तोंडून कसे बाहेर पडले, सांगता येत नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले, आणि उठून दोन कप कॉफी घेऊन आली. मी मागितली नव्हती.

शेवटी दोनच मासे उरले. ढग अगदी जवळ. तिला आधी दूरचा मासा हवा होता. दूरचा! म्हणाली, जवळचा काय, येता येता मिळेलच. तिने होडी उचलली. मी एक अक्षरही बोललो नाही. फक्त तिचे मनगट धरले आणि होडी जवळच्या माशावर नेऊन ठेवली.

तिने होडीकडे पाहिलेच नाही. माझ्या हाताकडे पाहत राहिली. मग सोंगट्या खोक्यात भरू लागली. मी म्हणालो, अगं, जिंकत होतो आपण! म्हणाली, हो ना. अगदी जिंकतच होतो.

अट तोंडाची होती. हाताविषयी काहीही ठरले नव्हते.

३१ ऑक्टोबर.

ओंदिना सकाळच्या बसने नाग्वाला गेली. हवापालट. तिच्या प्रकृतीस आवश्यकच होती, असे मीही म्हणणार होतो. पिशवी टपावर कशी बांधावी, हे मी ड्रायव्हरला समजावून सांगितले. त्याने विचारले, काका, गाडी पण तुम्हीच चालवता का? ओंदिना खिडकीतून म्हणाली, अहो, घरी जा आता, ऊन लागेल. आवाज नेहमीसारखाच होता. खेळाचा खोका तिच्या मांडीवर होता.

४ नोव्हेंबर.

महत्त्वाची घटना. झाडताना झुलत्या खुर्चीखाली काळा ढग सापडला. खोक्यात भरताना निसटला असावा. त्यावाचून खेळ चालूच शकत नाही. ढग नसेल तर हरता येणार नाही, आणि हरता येत नसेल तर जिंकलो असे कोणत्या आधारावर म्हणणार? तिला आता फोन करावाच लागेल. मी फोनजवळ बसलो आहे. अर्थात अन्य कारणाने.

६ नोव्हेंबर.

फोन नाही. लाइन तपासून पाहिली. चालू आहे.

८ नोव्हेंबर.

मीच बेल्किसला फोन केला व आईस निरोप देण्यास सांगितले की अत्यावश्यक वस्तू माझ्या ताब्यात असून ती पोहोचवण्यासाठी मी उद्या सकाळी जातीने येत आहे. दाढी केली. पांढऱ्या शर्टास इस्त्री केली. सकाळी धावपळ नको म्हणून तो आताच घालून ठेवला आहे. तेथे गेल्यावर काय बोलावयाचे, हेही निश्चित केले आहे. दूरच्या माशाविषयी मी अवाक्षर काढणार नाही. फार तर एकदा.

तोच दिवस, रात्री.

दुपारी बेल्किसचा फोन. म्हणाली, बाबा, उगाच कशाला दगदग करता? ढगाच्या जागी त्यांनी पहिल्याच दिवशी राजम्याचा दाणा ठेवलाय. छान चाललंय म्हणे. दोघी बहिणी रोज खेळतात, रोज हरतात.

मी विचारले, मी येण्याबद्दल ती काय म्हणाली? बेल्किस म्हणाली, तेच सांगतेय ना, बाबा.

राजमा लाल असतो. ढग लाल नसतो. सदर खेळ नियमबाह्य असून त्यातील हारजीत मी ग्राह्य धरीत नाही.

शर्ट सायंकाळपर्यंत अंगातच होता.