घाटाचा अंदाज

८ सप्टेंबर

‘टूर द फ्रान्स’ या सायकल-शर्यतीचा पुढील वर्षाचा मार्ग ऑक्टोबरअखेर पॅरिसमध्ये जाहीर होईल. जाहीर होताच डोंगराळ गावांतील खोल्या तासाभरात संपतात, असे वाचले. अर्थात खोली आधीच घ्यावी लागेल आणि शर्यत त्या गावावरून जाईल किंवा नाही, हे स्वतःच ओळखावे लागेल.

अकरा वर्षे दर जुलैत पत्नी कुसुम आणि मी ही शर्यत टीव्हीवर पाहिली आणि अकरा वर्षे पुढच्या मार्गावरून भांडलो. बहुतेक वेळा तीच जिंकली. तिची पद्धत अशी — ज्या गावाचे नाव आपल्याला उच्चारता येत नाही, ते येणारच! येत्या जुलैत प्रत्यक्ष जायचे ठरले होते. पारपत्रेही तयार झाली. चैत्रात ती गेली.

मी जाणार आहे. अंदाज मात्र चुकता कामा नये.

९ सप्टेंबर

आल्प्स की पिरेनीज? अनिर्णित. चहा दोनदा गार झाला.

१४ सप्टेंबर

सापडले!

लोकनिर्माण विभागात रस्ते बांधण्यात चौतीस वर्षे काढल्यावर माणसाला एवढे तरी कळतेच — कोण येणार आहे, हे रस्ता आधी सांगतो. मंत्रिमहोदय येणार असले की आदल्या दिवशी गतिरोधक नाहीसे होतात. आमच्या उज्जैनला सिंहस्थ जवळ आला की पार नानाखेड्यापर्यंत सगळे खणून ठेवतात. हाच न्याय फ्रान्सला लावला. पिरेनीजमधील एका जिल्ह्याची सूचना मिळाली: ओबिस्क घाटाचा रस्ता येत्या जूनमध्ये डांबरीकरणासाठी बंद राहील. जूनमध्ये डांबर, जुलैमध्ये शर्यत! याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

शेजारच्या मधुकररावांना दाखविले. ते बँकेतून निवृत्त झाले, तरी संशय घेण्याची सवय सुटलेली नाही. म्हणाले, “प्रकाशभाऊ, माधव नगरात बसून तुम्ही फ्रान्सचं टेंडर वाचता? कमाल करता बुवा!”

२० सप्टेंबर

खोली घेतली. घाटाच्या पायथ्याशी, सहा रात्री.

‘ओबिस्क’ हे नाव मात्र सहज उच्चारता येते. कुसुमच्या पद्धतीने हा घाट बाद! क्षमस्व.

२७ सप्टेंबर

आज लेक देवश्री इंदूरहून पूर्वसूचना न देता आली. डोळे लाल. चपला न काढताच आत शिरली.

“बाबा, तुम्ही असा विचार करूच कसा शकता? मी तर घाबरूनच गेली!”

“गेले,” मी म्हणालो. “मी घाबरून गेले. ‘गेली’ नव्हे.”

त्यावर ती रडूच लागली.

चौकशीअंती उलगडा झाला. स्वयंपाकाला येणाऱ्या पूजाने तिला फोन केला होता — “दीदी, बाबूजी दिनभर कागज पे घाट-घाट लिखते हैं. मैंने पूछा तो बोले, बस, जुलाई में घाट जाना है. अकेले. कमरा भी ले लिया.”

यातील एकही शब्द असत्य नव्हता. पूजा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, “गलत बोली क्या मैं?”

दोष उज्जैनचा आहे. मराठीत घाट म्हटले की आधी डोंगरातील रस्ता आठवतो. येथे घाट म्हणजे क्षिप्रेचा काठ! माझ्या वयाच्या माणसाने जायची भाषा केली की ऐकणाऱ्याच्या मनात चक्रतीर्थाचे स्मशान येते. चैत्रात कुसुमला आम्ही तेथेच नेले होते. देवश्रीला दुसरे काय सुचणार?

नकाशा पसरला. घाट दाखविला, वळणे दाखविली. देवश्री हसू लागली ती उचकी लागेपर्यंत. पूजा रागावली — “तो पहाड़ बोलना था ना, बाबूजी!”

जेवताना देवश्रीने विचारले, “आणि शर्यत तिथून गेलीच नाही तर? एवढ्या लांब, एकटे?”

“डांबर खोटे बोलत नाही,” मी म्हणालो.

२८ ऑक्टोबर

दुपारी मार्ग जाहीर झाला. देवश्री मुद्दाम आली होती. मधुकरराव कचोऱ्या घेऊन हजर. पिरेनीजमध्ये घाट चार. ओबिस्क नाही!

“नीट पाहा, बारीक अक्षरांत असेल,” मधुकरराव म्हणाले. नव्हता.

मग त्या रस्त्यावर डांबर कशासाठी? मला राहवेना. खोलीच्या मालकिणीला देवश्रीकडून ईमेल लिहवून घेतला. संध्याकाळी एका ओळीचे उत्तर आले — रस्ता खराब झाला होता, म्हणून.

चौतीस वर्षांच्या नोकरीत ही शक्यता माझ्या मनालाही शिवली नव्हती!

मधुकररावांना असा ठसका लागला की पाणी द्यावे लागले. मीही हसलो. पुष्कळ महिन्यांनी, मोठ्याने.

निघताना देवश्री हळूच म्हणाली, “बाबा, खोली कॅन्सल करून टाका. शर्यतच नाही, तर तिथे जाऊन काय करणार?”

प्रश्न योग्य आहे.

२ नोव्हेंबर

खोली ठेवली आहे. शर्यत नाही, त्या अर्थी जुलैत रस्ता मोकळा असणार.

सकाळी फ्रीगंजच्या बाजारात जाऊन गिअरची सायकल घेतली. दुकानदाराने विचारले, “पोते के लिए, अंकल?”

“नहीं,” मी म्हणालो, “हमारे लिए.”