घोडीचं अंथरूण

बाबा, आज इथल्या मुकादमानं मला सांगितलं की मागच्या रांगेतल्या घोड्यांचं खालचं अंथरूण सध्या हलवायचं नाही. फक्त लीद उचलायची आणि वरून नवा भुसा टाकायचा. दोन माणसं छुट्टीवर गावाला गेलीत, म्हणून काम वाचवायचं. मी सहज विचारलं, मग सगळ्याच तबेल्यात बारा महिने असंच का नाही करत? मुकादम म्हातारा आहे, राजस्थानकडचा, कमी बोलतो. तो हसला. म्हणाला, इथं हवा कोरडी आहे, फरशीखाली पाणी जायला वाट आहे, आणि लाकडाचा भुसा पाणी पितो, म्हणून चालतं, तेही थोडे दिवस. ओल्या मुलखात पानापाचोळ्यावर असं केलं तर घोड्याचे खुर सडून जातात. हे घोडेवाल्याच्या घरातल्या मांजरालाही माहीत असतं, म्हणाला. मी घमेलं उचललं आणि कामाला लागलो. पण तेव्हापासून डोकं जाग्यावर नाही. आपण तर घोडेवालेच होतो ना. म्हणून हे लिहायला बसलोय. सातवीनंतर मी कधी एवढं लिहिलं नाही, तर जरा वाकडंतिकडं चालवून घ्या.

इथं अंथरूण प्लास्टिकच्या गासड्यांत येतं. परदेशातल्या कुठल्या तरी झाडाचा भुसा, पांढरा, चाळलेला, धूळ नाही. गासडी फोडली की खोलीभर वास सुटतो. पहिल्या दिवशी मी तो हातात घेतला तर मला तुमचीच आठवण आली, कारण तुम्ही लाकडाच्या भुशाला शिव्या द्यायचे. आरा मशीनवाला फुकट देतो म्हणायचा, तुम्ही नको म्हणायचे. घोडी खोकते त्याच्यानं, नाकात जातो. कापसाची पऱ्हाटी टोचते. गव्हाचं कुटार टाकलं तर ती अंथरूणच खाऊन टाकते आणि मग पोट धरून लोळते. म्हणून तुम्ही बहादरपूरला जायचे, केळीच्या बागांत. तिथले शेतकरी झाडावरची सुकलेली पानं कापून बांधावर टाकतात, ती तुम्ही टांग्यात दाबून, दोरीनं बांधून आणायचे. टांगा असा दिसायचा की जणू झोपडीच चालत येतेय. आधी खाली तापीची वाळू, तिच्यावर पानं. पण तीही अशीच्या अशी नाही. प्रत्येक पान मुठीत चुरून बघायचं. चुरताना आवाज आला तर टाकायचं, नाही आला तर परत उन्हात. शेजारची काकू हसायची, म्हणायची, नवरीच्या गादीचा कापूसबी कोनी एवढा पारखत नाही. तुम्ही म्हणायचे, नवरी एकदा झोपते, हिले रोज झोपायचं आहे. आणि मग माय आतून ओरडायची की पोरासमोर काय बोलताय.

एक दिवस मात्र मला नीट आठवतो. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. सकाळी अंथरूण उचलायची पाळी माझी होती आणि मला मैदानावर जायचं होतं. मी ओलं खालीच ठेवलं, वरून दोन पेंड्या सुकी पानं पसरली आणि निघालो. तुम्ही दारातच उभे होते. घोडीला बाहेर बांधलं आणि मला आत नेलं. म्हणाले, "चप्पल काढ, आन् उभा राय त्यात." मी उभा राहिलो. वरची पानं कोरडी होती, पण माझ्या वजनानं पाय खाली गेला आणि घोट्यापर्यंत गरम, चिकट, लघवीचं पाणी वर आलं. डोळ्यांत पाणी आलं इतका वास. तुम्ही मला तिथंच उभं केलं, चहा पिऊन येईपर्यंत. मग म्हणाले, "तू चहा होईलोक उभा राह्यला. तिले रातभर उभं राहायचं होतं." मारलं असतं तर मी विसरलो असतो. त्या दिवसापासून मी खालचं न उचलता कधी वर टाकलं नाही. तुम्ही स्वतः सांगेपर्यंत.

मग बुधवाऱ्याच्या गल्लीतली ती वरात झाली. बँडच्या जागी मोठे भोंगे लावलेली गाडी होती, आणि गल्ली केवढी ते तुम्हाला माहीतच आहे. घोडी बिचकली, मागे सरकली, आणि भिंत आणि ती यांच्यात तुम्ही होते. लोकांनी आधी नवरदेवाला उतरवलं. तुम्ही खाली बसले होते, लगाम हातातच, आणि तिला म्हणत होते, काही नाही बाई, काही नाही. तुम्ही तिला बाईच म्हणायचे. कमरेचं हाड गेलं होतं. दवाखान्यातून आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की बसतं करू, चालतं करायचं सांगता येत नाही. पण तुम्ही बसतेही झाले नाहीत. खाट भिंतीला लावली. त्या भिंतीच्या पलीकडे तबेला.

घर माझ्यावर आलं. टांग्याचं काम तोपर्यंत संपतच आलं होतं, सगळीकडे बॅटरीच्या रिक्षा. घोडी होती ती लग्नांसाठी, आणि लग्नं पावसाळ्यात नसतात. तुम्हीच ओळखीच्या एकाला सांगून मला कापडाच्या लूमवर लावलं. सकाळी कारखान्याच्या भोंग्याला हजर राहायचं. पण अंथरूण उचलून, वाळू उपसून, पानं पसरून निघेपर्यंत भोंगा झालेला असायचा. अंगाला वास यायचा म्हणून तिथली पोरं माझ्या शेजारच्या मशीनवर उभी राहायला तयार नसायची. मालक रोज विचारायचा, क्यों नवाबसाब, घोडे पे बैठ के आए या घोडे के नीचे से? सगळा शेड हसायचा. एक दिवस त्यानं हसणं सोडून सांगितलं की आता उशीर झाला तर येऊच नको. मी घरी येऊन मायला सांगत होतो. तुम्ही डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोपलात.

दुसऱ्या दिवशी मी फावडं घेतलं तर तुम्ही आतून हाक मारली. म्हणाले, "खालचं हलवू नको आता. वरतून टाकत जा. पावसाचे दिवस आहेत, आतून गरम राहीन तिले." मी दारात फावडं धरून उभा. म्हटलं, बाबा, तुम्हीच तर. तुम्ही म्हणाले, ते उन्हाळ्याचं वेगळं, पावसाचं वेगळं, तुले सगळं शिकवलं नाही मी अजून. मला पटलं. खरं सांगायचं तर मला पटायचंच होतं. पाच मिनिटांचं काम झालं. मी भोंग्याच्या आधी पोचायला लागलो. मालकानं एकदा चहाही पाजला.

त्या वर्षी पाऊस लांबला. पानं चुरून बघायचं मी सोडलं होतं, कारण कुठलंच पान वाजत नव्हतं. घोडीच्या पायाखाली थर चढत गेला. आधी वास आला, मग ती एक पाय उचलून उभी राहायला लागली, मग दुसरा. नालबंद चाचा आले. त्यांनी खूर उचलला, हातातल्या आकड्यानं मधला मऊ भाग खरवडला, आणि तो काळ्या लगद्यासारखा निघून आला. आत बोट जाईल एवढं भोक. चाचा तसेच उठून तुमच्या खाटेशी आले. म्हणाले, मियाँ, तुम्हारे घर में ये? तुम्ही म्हणाले, पानंच खराब आली यंदा, पोरगा काय करीन. मी मागे उभा होतो. मला वाटलं, बरोबर, पानंच खराब आली. चाचांनी तुमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि औषधाचं सांगून गेले. त्यांनी दुसऱ्यांदा काही विचारलं नाही. आता कळतं, का नाही विचारलं.

कारण तुम्ही भिंतीला लागून होते, बाबा, तुम्हाला माहीत नसणं शक्यच नव्हतं. घोडी बसली की आवाज येतो. आधी गुडघे, मग सगळं अंग एकदम, आणि नाकातून एक मोठा श्वास. आजही इथं मी तो आवाज ऐकला की समजतो, अंथरूण चांगलं झालं. ओल्यावर ती बसत नाही, उभीच राहते, पाय बदलत. तुम्ही ते सगळं चातुर्मासभर ऐकलं असेल, एका विटेच्या भिंतीपलीकडून. आणि ओलं काय असतं हे तुमच्या पाठीलाही माहीत होतं. माय केळीच्या वखारीवर कामाला जायची, मी लूमवर, आणि तुम्ही दिवसभर तसेच पडून राहायचे, आम्ही येईपर्यंत कुणाला हाक न मारता. मायनं चादर काढली की पाठीचं कातडं चादरीला यायचं. तरी सकाळी मी निघताना तुम्ही एकच विचारायचे, भोंगा व्हायचा आहे ना अजून? घोडीचं कसं आहे, हे तुम्ही विचारायचं बंद केलं होतं. मी समजलो की दुखण्यानं तुमचं मन मेलं. मायला मी तसं बोललोही. म्हटलं, औषधांनी डोकं गेलं त्यांचं, घोडेवाला माणूस आणि असं सांगतो. ती चुलीत फुंकर मारत राहिली. तिला माहीत होतं का, ते मला आता विचारावंसं वाटतं, आणि विचारवतही नाही.

दिवाळीनंतर खकनारकडचा एक माणूस टेम्पो घेऊन आला. लग्नाला ती चालणार नव्हती, ओझ्यालाही नव्हती, तो तिला कशाला नेत होता ते आपल्याला तिघांनाही समजत होतं. तुम्ही म्हणाले, तिला दारात आणा. आणली. चार पावलं टाकायला तिनं किती वेळ लावला. तिनं मान आत घातली, तुमच्या पायाजवळच्या गोधडीचा वास घेतला. तुम्ही हात लांब केला पण तो पोचत नव्हता, आणि तिला अजून एक पाऊल पुढं घ्या म्हणायला कुणाची जीभ रेटेना. मग तुम्ही माझ्याकडे बघून म्हणाले, "उद्यापासून टायमावर जात जा." एवढंच. मला इतका राग आला की मी बाहेर निघून गेलो, टेम्पोत तिला चढवायलाही थांबलो नाही. ते काम त्या माणसानं आणि चाचांनी केलं. होळीच्या आत तुम्ही गेले. तोपर्यंत मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो. पाणी, गोळी, कूस बदल.

हा राग मी बरोबर घेऊन फिरलो. लूम सोडलं, कागद कारखान्यात गाड्या भरल्या, सुरतेला गेलो, तिथून परत आलो, हॉटेलात राहिलो. कुठंही मन लागलं नाही. सगळे म्हणायचे, याच्या बुडाखाली काय आहे कुणास ठाऊक. शेवटी परदेशी कामाला माणसं पाठवणाऱ्या एका एजंटानं विचारलं, तुला येतं काय? माझ्या तोंडातून निघालं, घोडे. मीच दचकलो.

आज मुकादम बोलला आणि सगळं उलटं झालं. तुमचं डोकं गेलेलं नव्हतं. त्या खाटेवर पडून तुम्ही हिशेब केला, की दोघांपैकी एकच राहील, घोडी किंवा माझी नोकरी. मला सरळ सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं, नोकरी सोडून फावडं धरलं असतं, तुम्ही मला ओळखत होते. म्हणून तुम्ही मला खोटं शिकवलं. उभ्या आयुष्यात एकच खोटी गोष्ट शिकवली, आणि तीही अंथरुणाची. मग ती उभी राहिलेली ऐकत पडून राहिले. मी तुमच्यावर कोरडेपणाचा राग धरला, तोही तुम्ही घेतला. पण बाबा, हे तुम्ही बरोबर केलं असं मला लिहिता येत नाही. तिच्या खुरातलं ते भोक मी बघितलंय. तुम्ही मला विचारायला पाहिजे होतं. मी पोरगा होतो, पण तिचं ओलं मी उचलत होतो.

मुकादमाला मी जाऊन सांगितलं की मागच्या रांगेचं मी एकटा उचलतो, जादा पैसे नको, पण खाली ठेवायला मला जमणार नाही. तो म्हणाला, वेडा आहेस, कर. संध्याकाळी हात सुजले होते. शेवटच्या खोलीत एक म्हातारी घोडी आहे, तिचं करून मी दाराला टेकून थांबलो. ती गोल फिरली, भुसा हुंगला, आणि बसली.

हे कागद मी कुठं टाकणार. घरी पाठवले तर माय शेजारच्या पोराकडून वाचून घेईल. तिला मी सांगितलंय की मी इथं एका मोठ्या गोदामात आहे, एसीत, फोर्कलिफ्ट चालवतो. ती ते आल्यागेल्याला सांगते. लिदीतून पोरगा सुटला, म्हणते, ह्याच्या बापानं होतं नव्हतं ते घातलं त्यापायी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला सकाळी उठून कुठं पळून जावंसं वाटत नाही, आणि ते या लिदीतच. तुम्हाला कळलं तर चालेल. तिला नको.