तरसमाळात माणूस राहावा म्हणून

मी, देवदत्त सखाराम घोलप, वय बावन्न, मूळ राहणार तरसमाळ, जिल्हा सोलापूर, सध्या कुवेतमधील एका इस्पितळात बॉयलर-मेकॅनिक, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्या दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो. रस्त्यावर इराकी रणगाडे उभे आहेत; त्यांचा दबाव या कागदापुरता धरू नये. वकील मिळाला नाही. कायदा मी वाचून शिकलो, बॉयलरही तसाच शिकलो.

१. पुण्याचा फ्लॅट पत्नी प्रेमाच्या नावावर आहेच. तरसमाळला राहणार नाही, असे तिने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगितले आणि शब्द पाळला. मुलगी शलाका हिने तिथले घर पाहून "बाबा, व्हेअर इज एव्हरीबडी?" असे विचारले होते. दोघींवर त्या घराचे ओझे टाकत नाही.

२. शलाकाच्या प्रश्नाचे उत्तर इथे देतो. तरसमाळ म्हणजे उघड्या माळावरची मूठभर घरे आणि चहूकडे गवत. आमच्याकडे लग्नाला किंवा दुखवट्याला अख्खे गाव जाते. मागे राहणे हा अपमान समजतात. एक्क्याऐंशीच्या जनगणनेत मोजणीदार आला त्या दिवशी गाव माझा धाकटा भाऊ जगन्नाथ याच्या लग्नाला गेले होते. अंथरुणावरच्या चुलत्यांनासुद्धा जगन्नाथने खाटेसकट ट्रकमध्ये चढवले होते. दारोदार कुलपे. नोंद झाली 'बेचिराख', म्हणजे वस्ती नसलेले. मग त्या नोंदीवरून शिक्षकाची बदली झाली, त्यामागे मुले गेली, मुलांमागे आया गेल्या. आता जगन्नाथ आणि त्याची बायको शर्मिला एवढीच उरली आहेत. शेजार नाही म्हणून शर्मिला बार्शीला चला म्हणते आहे. ती दोघे गेली की येत्या फेब्रुवारीच्या मोजणीत ती नोंद खरी ठरेल.

३. म्हणून माझे तरसमाळचे घर, परसासह, मी रहिमा हिला देतो. ती आमच्या इस्पितळात नर्स आहे, दापोलीकडची, विधवा. सासरच्यांनी तिला दार बंद केले आहे. दोन मुलांना घेऊन ती गुरुवारच्या बसने बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला जाईल. अट एकच: तिने घर कुलूप लावून ठेवू नये, त्यात राहावे. मी मरेपर्यंत थांबू नये. किल्ली आजच दिली आहे.

ती म्हणाली, "दादा, शेजारी कोण?"

"माझा भाऊ."

"त्यांच्याशी तुमचं बोलणं नाही ना?"

"माझं नाही. तुझं होईल. सुई टोचता येते म्हटल्यावर शर्मिला तुला सोडणार नाही."

जगन्नाथ धर्म काढील. त्याला सांगावे की मोजणीच्या कागदात धर्माचा रकाना आहे, पण तो भरायला आधी माणूस लागतो.

४. माझी हत्यारे जगन्नाथला द्यावीत. ती वापरून त्याने गावचा हातपंप दुरुस्त करावा. पाइप-पाना पेटीत सापडणार नाही. तो त्याच्याकडेच आहे. शेवटच्या फोनवर तो म्हणाला होता, "कुवेतात बसून गाव चालवतोस होय? एवढी हौस आहे तर ये की राहायला!" मी फोन ठेवला. त्यानंतर बोललेलो नाही.

५. मी इथे मेलो तर ती बातमी मोजणी संपेपर्यंत तरसमाळला कळवू नये. जगन्नाथ भांडखोर आहे, पण रीत मोडणारा नाही. तो कुलूप लावून, रहिमालाही मुलांसकट एस.टी.त घालून पुण्याला प्रेमाकडे दुखवट्याला जाईल.

६. बॉयलर थांबला तर ऑपरेशनची हत्यारे निर्जंतुक होत नाहीत. दुसरा माणूस मिळेपर्यंत मला हलता येत नाही. मिळाला की मी निघेन. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते हे मला ठाऊक आहे. तरी मी जिवंत परतलो तर घर परत मागणार नाही. रहिमाने मला मागची खोली द्यावी. प्रेमाला मी समजावीन. जगन्नाथला कोणी काही समजावू नये, मी स्वतः त्याच्या दारात जाऊन म्हणेन, "आलो राहायला."

वाचून, समजून सही केली. लाभ घेणाऱ्याची साक्ष नको म्हणून रहिमाला बाहेर बसवले आहे.

देवदत्त सखाराम घोलप

साक्षीदार:
जाफर, ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर
रत्नमाला, लॅब टेक्निशियन

सबाह अल-सालेम, कुवेत
३ सप्टेंबर १९९०