न उगारलेला हात

प्रिय बारक्या,

पत्र बघून हसशील. हल्ली कोण पत्रं लिहितं? पण तुला फोन केला की तुझ्या मॅनेजरबाई उचलतात आणि मेसेज केला की तुझी टीम वाचते आणि उलट लाल बदाम पाठवते. सख्ख्या बहिणीला लाल बदाम. म्हणून हे कागदावर लिहून, तुझ्या रॅपला ताल बनवून देणाऱ्या त्या बीटवाल्याच्या हातात देतेय. तू गेल्या वर्षी त्याला बाजूला सारलंस, तरी तो पोचवतो म्हणालाय, आणि तू पाकीट फोडेपर्यंत समोरून हलणार नाही असंही म्हणालाय. 'प्रिय' लिहिताना हात अडला होता. पण पत्राची सुरुवात शिवीने करू नये एवढं वळण आईने लावलंय.

आधी घरचं सांगते. दुकान चाललंय. पहिली खुर्ची अजून बाबांची, दुसरी माझी. तिसरीवर बसून तू अभ्यासाचं नाटक करायचास, तिच्यावर आता धुतलेल्या टॉवेलांची चळत असते. आई कचेरीतून निवृत्त झाल्यापासून दाराशी बसून गिऱ्हाइकांचे नंबर लावते आणि कुणाच्या बापाला मध्ये घुसू देत नाही. बाबांचा हात पूर्वीइतकाच हलका आहे, डोकं मात्र अधूनमधून दगा देतं. मागे एकाची दाढी करून झाली आणि यांनी पुन्हा साबणाचा ब्रश हातात घेतला. गृहस्थ भला, दोनदा दाढी करून गेला. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे होतं, काल-परवाचं विसरतील, घाबरू नका. आम्ही घाबरलो नाही. पण बाबा घाबरलेत. हल्ली कुणी काही ठामपणे सांगितलं की आपलंच चुकलं असेल असं धरून चालतात.

आता तुझं गाणं. 'पट्टा'. बारक्या, मला त्या गाण्याची किळस येते. अंगावर पाल पडावी तशी येते. रिक्षात लागतं, जिममध्ये लागतं, समोरच्या मोबाइलच्या दुकानात दिवसातून वीस वेळा लागतं. पोरीबाळी कंबरेचा पट्टा हातात घेऊन त्यावर नाचतात आणि व्हिडिओ टाकतात. बाप दारू पिऊन येतो, पट्टा काढतो, पोराची पाठ सोलतो, आणि लगेच ते गोड गुळगुळीत कडवं, टाळ्या वाजवत म्हणायचं. आवाज यंत्रातून इतका घासून काढलाय की तुझा आहे की वॉशिंग मशीनचा, कळत नाही. आणि मुलाखतीत तो काळा चष्मा लावून म्हणालास, हे माझं आयुष्य आहे, मी जगलोय ते गातो. मुलाखत घेणाऱ्या बाई डोळे पुसत होत्या. मी टीव्हीवर चप्पल फेकली. टीव्ही वाचला.

दारू? अरे गाढवा, प्यायलेल्या माणसाच्या वस्तऱ्याखाली कोण मान देईल? चाळीस वर्षं लोक डोळे मिटून बाबांसमोर गळा उघडा टाकून बसलेत. निम्मे तर झोपतात. आईने गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती रडली नाही, चिडली. म्हणाली, "बापाचा पट्टा कसला? मारलं मी. पायातली काढून मारलं, तेही एकदाच, प्रगतिपुस्तकावर माझी सही ठोकली म्हणून. मी कुठेय गाण्यात?" आम्ही दोघी हसलो होतो. तेव्हा हसता येत होतं.

तू म्हणशील, ताईला पॉप कळत नाही, ती जुन्या काळातच अडकलीय. चूक. दुकानात दिवसभर पॉपच लागतं आणि मला आवडतं. चमचमता झगा घालून गायिका म्हणते माझं काळीज तुटलं, पुढच्या गाण्यात तेच काळीज ठणठणीत असतं. तिला कुणी पुरावा मागत नाही. तो झगा आहे हे तिला माहीत असतं, आपल्यालाही. रॅपचं तसं नाही ना रे. रॅपर सूर बाजूला ठेवतो, नटणं बाजूला ठेवतो आणि म्हणतो, हा मी, ही माझी गल्ली, हे माझ्या घरात घडलं. त्याच्याकडे विकायला तेवढंच असतं. ज्या पोरांच्या पाठीवर खरोखर वळ आहेत ती तुझं गाणं ऐकून रडतात, तुला लिहितात, आमचंही असंच झालं. त्यांची ती पत्रं तू स्टेजवर वाचून दाखवतोस. मला त्याचीच सगळ्यात जास्त घाण वाटते. बाबांपेक्षाही त्या पोरांना तू जास्त फसवलंस असं कधीकधी वाटतं, मग बाबांकडे बघते आणि तसं वाटेनासं होतं.

आणि हे रॅपचं मला शिकवलं कुणी? तूच. सोळा वर्षांचा होतास. मधल्या आरशावर कागद चिकटवला होतास, 'खोटी ओळ म्हणायची नाही'. बाबांनी तो इतका मनावर घेतला की तुझी प्रत्येक ओळ त्यांच्यासमोर तपासायला यायला लागली. हातात कात्री, खुर्चीत गिऱ्हाईक, आणि तू शेजारी उभा राहून वही वाचतोयस. बाबा विचारायचे, "हे घडलंय का?" अनवाणी शाळेत गेलो असं लिहिलं होतंस, आठवतं? बाबा म्हणाले, "बूट घेतले होते मी. दोन नंबर मोठे होते, पण घेतले होते." तू हट्टाने म्हणालास की बोळे कोंबून चालायचो, ते अनवाण्यासारखंच. ते म्हणाले, "मग बोळे लिही." तू बोळे लिहिलेस, आणि ती ओळ म्हटलीस की सगळं सभागृह हसायचं आणि मग गप्प व्हायचं. तुझ्या त्या वेळच्या सगळ्या गाण्यांतली ती माझी सर्वात आवडती ओळ आहे. तुझी पहिली चाहती मीच होते. मंडळाच्या हॉलमध्ये नऊ माणसं असायची, त्यातली चार आपल्या घरची, तुला धरून.

इथे मला स्वतःबद्दल एक लिहायचंय, नाहीतर मीही तुझ्याच माळेतला मणी ठरेन. त्या मोठ्या स्पर्धेत तू हरलास. जो जिंकला त्याचा बाप तुरुंगात होता. परत येताना बसमध्ये मी चेष्टेत म्हणाले, आपल्या घरात सगळं सुरळीत, तुझं कोण ऐकणार, एखादं दुःख भाड्याने आण. तू हसला नाहीस. मी ते विसरूनही गेले होते. 'पट्टा' आलं तेव्हा पहिले आठ दिवस मला ते आवडलं होतं, हेही लिहिते. शब्द कळत होते, तरी आवडलं. म्हटलं, गाण्यात चालतं, मोठा झाला आपला बारक्या. आणि दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर बाबांना ते मीच ऐकवलं. मिरवायला. दुसऱ्या कुणी नाही, मी.

बाबा तेव्हा वस्तरा पुसत होते. शब्द त्यांना नीट लागत नव्हते, तू फार भरभर म्हणतोस. पण गाण्यात तो फटका येतो ना, प्रत्येक ओळीच्या शेवटी, चामड्याचा? तो ऐकला आणि त्यांनी मान वर केली. पुन्हा लाव म्हणाले. मग खुर्चीच्या कडीला टांगलेला, वस्तरा परजायचा आपला पट्टा त्यांनी ताणून धरला, वस्तरा दोनदा वर-खाली फिरवला, टोकाशी झटका दिला आणि ऐकत राहिले. म्हणाले, "हा आपलाच आहे." माझ्या डोक्यात प्रकाश पडायला दोन दिवस लागले, मग मी बीटवाल्याला विचारलं. त्याने सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी तुम्ही दोघांनी त्या टॉवेलांच्या खुर्चीवर फोन ठेवून तो आवाज घेतला होता. बाबा तासभर पट्टा वाजवत होते आणि दर वेळी विचारत होते, "आणखी एकदा घेऊ का?" इतके खूश मी त्यांना क्वचित पाहिलंय. त्या आवाजावर तू बाबांचं गाणं करणार होतास. मी नऊ वर्षं त्या गाण्याची वाट बघितली रे.

ते आलं ते असं. बीटवाला म्हणतो, मी नको म्हणालो आणि म्हणून मला काढलं. मला त्याचं खरं वाटतं.

पण बाबांना काय वाटलं ते तुला सांगायचंय. त्यांनी माझ्याकडून शब्द लिहून घेतले आणि चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचले. मला वाटलं चिडतील, निदान वाईट वाटून घेतील. ते म्हणाले, "तो खोटी ओळ लिहीत नाही. आवाजही आपल्या पट्ट्याचा आहे. म्हणजे मी मारलं असणार आणि विसरलो." मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी त्यांनी आईला विचारलं, मी पीत होतो का गं? आईने शपथा घेतल्या, भांडली, शेवटी रडली. बाबा शांतपणे म्हणाले, "तू कचेरीत असायचीस, ही कॉलेजात. दुपारी दुकानात आम्ही दोघेच असायचो." आणि ते खरंच आहे. त्या दुपारींना तुझ्याशिवाय साक्षीदार नाही.

पट्टा त्यांनी कडीवरून काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. वस्तरा आता परजला जात नाही, सगळ्यांना ब्लेड. लहान मुलांचे केस ते कापत नाहीत, माझ्याकडे पाठवतात. परवा मागच्या इमारतीतली एक आई पोराला घेऊन आली, माझी खुर्ची भरलेली होती, बाबा मोकळे होते. ती म्हणाली, आम्ही थांबतो. तिने गाणं ऐकलेलं होतं, तोंडावर दिसत होतं. मी तिला चार शब्द सुनवायला निघाले तर बाबांनीच माझा हात धरला. "बरोबर आहे तिचं," म्हणाले. बारक्या, ज्या माणसाने आपल्या पोराच्या डोक्यातली ऊ मारतानासुद्धा दुखलं का विचारलं, तो माणूस म्हणतो बरोबर आहे तिचं. मी मोरीत जाऊन तोंड धुवून आले.

आता हे पत्र का लिहिलं ते. बाबांनी तुला अकरा वेळा फोन केला. दर वेळी मॅनेजरबाईंनी घेतला आणि बाबांनी दर वेळी एकच निरोप दिला, त्याला सांगा, बाबांना माफी मागायची आहे. गेल्या मंगळवारी त्या बाईंचा उलट फोन आला. फार गोड बोलल्या. शनिवारच्या कार्यक्रमात 'पट्टा' संपलं की दिवे मंद करायचे, बाबांनी स्टेजवर यायचं, सगळ्यांसमोर माफी मागायची आणि तू त्यांना मिठी मारायचीस. चार कॅमेरे असतील. गाडी पाठवतो म्हणाल्या. हे तुला माहीत आहे की नाही, मला ठाऊक नाही. माहीत नाही असंच मी धरून चाललेय, कारण माहीत असेल तर मला तुला आणखी काही लिहायचं नाही. बाबा हो म्हणालेत. तेवढ्या निमित्ताने भेटेल तरी, म्हणाले. गिऱ्हाईक नसलं की आरशासमोर उभे राहून वाक्य पाठ करतात, विसरू नये म्हणून. काल म्हणताना मध्येच अडले आणि मला विचारलं, पाठीवर म्हणू की अंगावर? मी त्यांना थांबवू शकत नाही, बारक्या, सगळे उपाय करून झाले. शनिवारच्या आधी ये. येता येत नसेल तर दुकानाच्या फोनवर फोन कर आणि त्यांना सांग, बाबा, तुम्ही मला कधी मारलं नाही, मी ते बनवून लिहिलं. आईचं ते ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतील, कारण तू खोटं बोलत नाहीस असं त्यांना अजून वाटतं.

काहीही झालं तरी तुझीच,
ताई