गोणपाट काढलेला माड

जयपूर, २ फेब्रुवारी १९८४

माझ्या लेकाच्या, यशवंताच्या लग्नात भर पंगतीत तू म्हणालास, "अक्काच्या हाताला काही जगत नाही." तू मला पाठवलेल्या नारळाच्या रोपांबद्दल बोललास. बायकांना माझी गेलेली दोन पोरं आठवली, वाढपीसुद्धा थांबला. आठ वर्षं गिळून बसले होते, आज सांगते.

चि. दशरथास आशीर्वाद.

तुझी रोपं इथल्या थंडीने मारली, मी नाही. मग शेजारच्या रेल्वेतल्या सुखदेव गार्डने त्याच्या कुमाऊंच्या डोंगरातला रानटी माड आणून दिला, वीतभर. त्यालाही मी आपल्या रीतीने, नारळाला घालतात तसं, मुळाशी मीठ घातलं, थंडीत गोणपाट गुंडाळलं. कोंब कुजायला लागला. सुखदेव ओरडला, "अम्मा, यह बर्फ में पला है, इसकी रजाई उतारो!" मीठ उपसलं, गोणपाट फेकलं. उन्हाळ्यात मात्र माझ्या खिडकीची, पाणी शिंपून गारवा देणारी वाळ्याची टट्टी त्याला बांधली नि मी घामात झोपले. हे कुणाला सांगू नकोस.

यंदा जानेवारीत बादलीतलं पाणी गोठलं. सगळ्या क्वार्टरांतल्या पपया काळ्या पडल्या, साहेबांच्या केळी झोपल्या. माझा माड यशवंताच्या खांद्याएवढा, पंख्यासारखी पानं उघडून उभा! पार झोटवाड्याहून माणसं बघायला येतात.

नारळ या जातीला धरत नाही. त्यावर बोलायचं नाही.

हे टपालात टाकत नाही. नातवाच्या मुंजीला येशील, तेव्हा पंगत माडाशेजारीच बसवणार आहे आणि पहिला घास घेण्याआधी हे तुझ्या हातात देणार आहे.

तुझी थोरली बहीण,
द्वारका

उत्तर तूच द्यायचंस, तिथेच, मोठ्याने. बायकोला, शालिनीला पुढे करायचं नाही.